तुरुंगाच्या दारापासून सेटलमेंटच्या तारेपर्यंत

१/ शिक्षा नेमकी कधी संपते? निकालपत्रात तिची मुदत लिहिलेली असते. परंतु सुटलेल्या माणसाजवळ पैसा नसतो, काम मिळत नाही आणि गावही त्याला सहज स्वीकारत नाही. या प्रश्नावर ख्रिस्ती संस्थांनी एक उत्तर शोधले. महाराष्ट्रात त्याचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याजोगे आहे.

२/ १८८३ साली मेलबर्न येथे साल्व्हेशन आर्मीने, म्हणजेच मुक्तिफौजेने, एक लहानसे घर भाड्याने घेतले. कार्यकर्ते तुरुंगाच्या दाराशी थांबत आणि सुटणाऱ्या कैद्याला निवारा, जेवण व काम देऊ करत. यायचे की नाही, हे तो कैदी ठरवत असे. कोलंबोतही असे घर उभे राहिले.

३/ मुक्तिफौज मुंबईत १८८२ मध्येच आली होती. तिचे प्रमुख फ्रेडरिक टकर हे सनदी नोकरी सोडून आलेले अधिकारी. रस्त्यावरील मिरवणुकांवरून सरकारशी खटके उडाले आणि त्यांनी स्वतःही तुरुंगवास भोगला.

४/ पुढे चित्र पालटले. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच ‘गुन्हेगार’ ठरवले होते. १९०८ पासून मुक्तिफौज उत्तर भारतात गोरखपूर येथे अशा जमातींची वसाहत चालवू लागली. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याने हेच काम हाती घेतले. सोलापूरची मोठी वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती.

५/ वसाहतीत शाळा होती, गिरणीत मजुरी होती. त्याचबरोबर तारेचे कुंपण, हजेरी आणि बाहेर जाण्यासाठी परवाना हेही होते. कैकाडी, पारधी, भामटे अशा जमातींतील कित्येकांवर एकही गुन्हा शाबित झालेला नव्हता. मेलबर्नच्या घरातून माणूस केव्हाही निघून जाऊ शकत होता; सोलापूरच्या वसाहतीतून नाही. सुधारणेची भाषा मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

६/ १९३९ मध्ये औंध संस्थानाने वेगळी वाट धरली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसले. तेथे शिक्षा झालेले कैदी भिंतीविना राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे.

७/ गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र अजून टिकून आहे.

८/ रत्नागिरीच्या विशेष कारागृहातून आज सुटणाऱ्या माणसालाही निवारा, काम आणि विश्वास हेच हवे असते. ते देणाऱ्या कोणत्याही संस्थेला, मग ती कोणत्याही धर्माची असो वा सरकारी, इतिहास एकच प्रश्न विचारतो : तुमच्या घराचे दार आतून उघडता येते का?