स्तनांची स्वयंतपासणी

कर्करोगाची सुरुवातीची चिन्हे लवकर लक्षात यावीत म्हणून स्त्रीने स्वतःचे स्तन नियमितपणे पाहणे व चाचपणे. गोंदिया शहराजवळच्या नागरा या गावासारख्या धानपट्ट्यातील गावांच्या संदर्भात या तपासणीचा उपयोग किती, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

पद्धत : पाळी संपल्यानंतरच्या काही दिवसांत स्तन मऊ असतात, तेव्हा तपासणी करावी. पाळी गेलेल्या स्त्रियांनी महिन्याची एक तारीख ठरवावी. आधी आरशासमोर हात खाली सोडून, मग वर करून पाहावे : आकारात नवा फरक, त्वचेला खळी, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, आत ओढले गेलेले स्तनाग्र. त्यानंतर मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंतचा सगळा भाग चाचपावा. स्तनाग्रातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येणे हेही दाखवण्याजोगे लक्षण आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि उशीर नेमका त्यामुळेच होतो. रोवणीच्या दिवसांत न दुखणाऱ्या गाठीसाठी मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे कुणालाही गरजेचे वाटत नाही.

पुरावा व मतभेद : या तपासणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप चीनमधून आला. शांघायच्या कापड गिरण्यांतील २,६६,०६४ कामगार स्त्रियांपैकी निम्म्यांना स्वयंतपासणी काटेकोरपणे शिकवली गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्तनकर्करोगाने शिकवलेल्या गटात १३५ आणि दुसऱ्या गटात १३१ मृत्यू झाले. निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र शिकवलेल्या गटात अधिक झाल्या. दरमहा ठरावीक तंत्राने चाचपल्यास जीव वाचतो, असा दावा यानंतर करता येत नाही. तरीही स्वतःच्या शरीराची ओळख निरर्थक आहे, असा अर्थ त्यातून काढणे घाईचे ठरेल. त्या अभ्यासात मोजले गेले ते तंत्र शिकवल्याचे फळ, आणि तेही गिरणीच्या दवाखान्याचा आधार असलेल्या स्त्रियांत. नागऱ्यासारख्या ठिकाणी गाठ सापडण्याइतकाच सापडल्यानंतर ती दाखवेपर्यंत गेलेला काळ महत्त्वाचा आहे.

या संदर्भात मुंबईचा अनुभव अधिक जवळचा आहे. टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा २० वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील रोगाचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के आढळले. पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी घट दिसली नाही. इथे तपासणारा हात स्त्रीचा स्वतःचा नव्हता, म्हणून हा पुरावा स्वयंतपासणीचा म्हणून मांडता येणार नाही. साधा, शिकवलेला हातही रोग आधीच्या टप्प्यात पकडू शकतो, एवढे त्यातून निश्चित होते. म्हणूनच स्वयंतपासणीला चाळणी चाचणी न मानता तिच्या आधीची पायरी मानणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. स्वयंतपासणीमुळे विनाकारण भीती निर्माण होते, हा आक्षेप खरा आहे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे तपासणी शिकवतानाच सांगितले तर ही भीती बरीच आवरता येते.

व्यवस्था : कर्करोगासारख्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी अपेक्षित आहे. आशा स्वयंसेविका भरून घेतात त्या तक्त्यात स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव व आकारातील बदल यांविषयी प्रश्न असतात. हे प्रश्न दारात, घरच्यांसमोर उरकले तर स्त्री ‘नाही’ म्हणून मोकळी होते. आडोशाला बसून विचारले तरच तक्त्याला अर्थ येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील ३०–४९ वयोगटात कधीतरी स्तनतपासणी झालेल्या स्त्रिया एक टक्काही नाहीत. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्ण कर्करोगोपचारासाठी नागपूर गाठावे लागते. सोनोग्राफी आणि सुईने गाठीचा नमुना घेण्याची सोय ठरावीक दिवशी, तालुक्याच्या आत मिळाली तर बोटांना लागलेल्या गाठीचा निकाल आठवड्यात लागू शकेल.

मॅमोग्राफी : राष्ट्रीय कार्यक्रमाच्या गावपातळीवरील तपासणीत समाविष्ट नाही.

पुरुष : स्तनकर्करोग पुरुषांतही होतो, एकूण स्तनकर्करोगांत प्रमाण सुमारे १ टक्का.