एक कमांड, दोन कामं: गिट चेकआउटची गोष्ट

आजचा भाग कोडिंग करणाऱ्यांसाठी आहेच, पण न करणाऱ्यांनीही ऐका. कारण प्रश्न साधा आहे: लाखो लोकांच्या बोटांत बसलेली सवय धोक्याची निघाली, तर ती बदलायची कशी?

आधी थोडं मागे जाऊ. लिनक्सचं कर्नल लिहिणारे लोक कोडचा इतिहास सांभाळायला बिटकीपर नावाचं टूल वापरायचे. २००५ मध्ये त्यांना मिळणारी मोफत सोय बंद झाली. मग एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःचंच टूल लिहायला घेतलं. तेच गिट. जुलैमध्ये त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली.

या गिटमध्ये 'चेकआउट' नावाची कमांड आहे. पुढे ब्रँचचं नाव दिलं, की तुम्ही त्या ब्रँचवर जाता. फाइलचं नाव दिलं, की त्या फाइलची जुनी प्रत परत येते. बनवणाऱ्यांच्या नजरेत दोन्ही एकच काम: साठवलेल्या फाइली समोरच्या फोल्डरमध्ये आणायच्या.

वापरणाऱ्याच्या नजरेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ब्रँच बदलताना तुमचं अर्धवट काम पुसलं जाणार असेल, तर गिट अडवतं. पण फाइलचं नाव दिलं, तर काही न विचारता वरून जुनी प्रत लिहितं! आणि ते अर्धवट काम गिटमध्ये कधी नोंदवलेलंच नसतं, त्यामुळे गिट ते परतही देऊ शकत नाही. दिवसभराची मेहनत एका एंटरमध्ये गेली.

मग चेकआउटच का नाही बदललं? इथेच रिव्ह्यूची खरी कसोटी लागते. कमांडचा ऑप्शन म्हणजे दिलेला शब्द असतो. तो कुठल्या तरी सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेला असतो, आणि ती लिहिणारा कदाचित नोकरी सोडूनही गेलेला असतो. नवा ऑप्शन नुसता जोडला तरी गडबड होऊ शकते. गिटमध्ये लांब ऑप्शनचं नाव अर्धवट लिहिलं तरी चालतं, फक्त ते दुसऱ्या कशाशी जुळता कामा नये. उद्या त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा ऑप्शन आला, की कालपर्यंत चालणारं अर्धं नाव आज एरर देतं. म्हणून रिव्ह्यू करणाऱ्याला समोरच्या कोडसोबत न दिसणाऱ्या माणसांचाही विचार करावा लागतो.

दुय न्गुयेन या व्हिएतनामी प्रोग्रामरने यावर वाट काढली. चेकआउटला हात न लावता शेजारी दोन नव्या कमांड ठेवायच्या: ब्रँच बदलायला 'स्विच', फाइल परत आणायला 'रिस्टोर'. गंमत म्हणजे तिन्हींचा कोड एकाच सी फाइलमध्ये आहे. आत वाटणी झाली ती ऑप्शनची: कोणता सगळ्यांचा, कोणता फक्त ब्रँचचा, कोणता फक्त फाइलचा.

नव्या कमांडला जुन्या सवयींचं ओझं नव्हतं, म्हणून नावंही नीट ठेवता आली. नवी ब्रँच काढायला चेकआउटमध्ये हायफन बी लागायचं. स्विचमध्ये सगळं ब्रँचचंच, मग 'बी' कशाला? तिथे हायफन सी आलं, म्हणजे 'क्रिएट'. 'फोर्स'च्या जोडीला 'डिस्कार्ड चेंजेस' हे नाव आलं. काय गमावणार ते नावातच कळतं. आणि कुठल्याही ब्रँचवर नसलेल्या अवस्थेत जायचं असेल, तर स्विचला 'डिटॅच' असं स्पष्ट सांगावं लागतं. चुकून तिथे पोहोचता येत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये गिट २.२३ सोबत दोन्ही कमांड आल्या, पण 'प्रायोगिक' असा शिक्का घेऊन. म्हणजे काही चुकलं असेल, तर बदलायची मुभा राहावी. तो शिक्का निघाला थेट २०२५ मध्ये, गिट २.५१ ला. दोन शब्द पक्के करायला सहा वर्षं!

चेकआउट मात्र आजही जसंच्या तसं चालतं. जुन्या स्क्रिप्टही चालतात, आणि नव्याने शिकणाऱ्याला सुरक्षित रस्ता मिळतो. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या टीममध्ये कुणी म्हणालं, "एक ऑप्शनच तर बदललाय, पटकन अप्रूव्ह कर," तर एक प्रश्न नक्की विचारा: हा ऑप्शन आज कोण वापरतंय, आणि उद्या सकाळी त्याचं काय होईल?

भेटू पुढच्या भागात. तोवर काम कमिट करत राहा!