वऱ्हाडचा प्रतिनिधी आणि मेळघाटचा दरवाजा

चिखलदऱ्याच्या पठारावर उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे काळ्या जमिनीचा, कपाशीचा सपाट मुलूख दिसतो. आणि उत्तरेस वळून पाहिलें म्हणजे सागाच्या अरण्यानें झांकलेल्या मेळघाटच्या डोंगररांगा. खालचा मुलूख पेठांचा, वकिलांचा आणि व्यापाऱ्यांचा. वरचा कोरकू लोकांच्या विरळ वस्त्यांचा. दोन्ही एकाच अमरावती जिल्ह्यांत मोडतात. या दोन मुलुखांचें गाऱ्हाणें देशाच्या वरिष्ठ कायदेमंडळांत कोणीं मांडावयाचें, आणि तेथें झालेला कायदा यांना आपोआप लागू तरी होत होता काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रथमदर्शनीं तो वकिली काथ्याकुटाचा वाटेल. परंतु आपल्या प्रतिनिधीच्या शब्दाला किती वजन आहे, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें वऱ्हाडचा हा इतिहास अवश्य पाहावा.

चिखलदऱ्याला लागूनच गाविलगडचा किल्ला आहे. आर्थर वेलस्लीच्या फौजेनें तो १५ डिसेंबर १८०३ रोजीं घेतला आणि दोनच दिवसांनीं देवगांव येथें भोसल्यांशीं तह झाला. त्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. पुढें निजामाच्या राज्यांतील कंटिंजंट फौजेच्या खर्चाचें कर्ज सांचलें आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखालीं आला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजीं लॉर्ड कर्झन यांनीं निजामाशीं करार करून, दरसाल २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर, हा प्रांत कायमच्या पट्ट्यानें घेतला आणि १९०३ सालीं तो मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला. पण करारांत निजामाचें स्वामित्व कबूल केलेलें होतें. अर्थात् कारभार इंग्रजांचा आणि मालकी निजामाची, अशी ही त्रिशंकूसारखी स्थिति झाली. कायद्याच्या भाषेंत वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. कलकत्त्यास किंवा दिल्लीस हिंदुस्थानसाठीं एखादा कायदा मंजूर झाला, तरी तेवढ्यानें तो अकोल्यास किंवा अमरावतीस लागू होत नसे. परकीय मुलुखांतील अधिकाराविषयींच्या हुकुमान्वयें सरकारनें जाहीरनामा काढावा, तेव्हां तो कायदा वऱ्हाडांत शिरावयाचा. जाहीरनामा काढणें न काढणें हें कायदेमंडळाच्या नव्हे, सरकारच्या हातीं होतें.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानें दिल्लीस दोन सभागृहें झालीं. कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहांत १४५ सभासद होते आणि कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें ६०. दोन्हींकडे वऱ्हाडला एकेक जागा मिळाली; पण जेथें ब्रिटिश हिंदुस्थान नाहीं तेथून सभासद निवडून कसा यावयाचा? सरकारनें यावर मोठी चमत्कारिक युक्ति काढली. वऱ्हाडांत रीतसर निवडणूक व्हावी, मतें मोजावीं, आणि जो विजयी होईल त्याची गव्हर्नर जनरलनें नेमणूक करावी! म्हणजे लोकांनीं निवडलेला मनुष्य सभागृहांत पाऊल टाकतांना सरकारनियुक्त म्हणून टाकावयाचा. सभागृहाच्या कामकाजांत त्याचें नांव ‘वऱ्हाडचा प्रतिनिधी’ असेंच छापलें जाई.

या जागांवर बसलेलीं माणसें मात्र कोणाच्या मेहेरबानीवर जगणारीं नव्हतीं. लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांनीं १९१९ सालीं जुन्या मध्यवर्ती कौन्सिलांत रौलट बिलांना विरोध केला आणि पुढें ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें बसले. यवतमाळचे माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे हे १९२३ च्या निवडणुकीनंतर खालच्या सभागृहांत गेले. त्यांनीं तेथें साऱ्या हिंदुस्थानच्या प्रश्नांवर मत द्यावें; पण ज्या कायद्यावर त्यांनीं मत दिलें तो त्यांच्याच मतदारांना लागू होईल कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांत भर अशी कीं, १९२३ सालीं निजाम मीर उस्मान अली खान यांनीं वऱ्हाड परत मागितला. लॉर्ड रीडिंग यांनीं २७ मार्च १९२६ च्या पत्रानें ती मागणी फेटाळली. तोंवर वऱ्हाडच्या प्रतिनिधीच्या पायाखालची जमीनच वादांत होती.

श्रोतेहो, अशा सभासदाच्या हातीं मुख्य शस्त्र तें प्रश्नाचें. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम मिळाली. १९०९ नंतर उपप्रश्नाची व ठराव मांडण्याचीहि सोय झाली. प्रश्नानें कायदा होत नाहीं, पण सरकारला उत्तर द्यावें लागतें, तें उत्तर छापलें जातें आणि गांवकऱ्याला वाचून दाखवितां येतें. वऱ्हाडचा महसूल वऱ्हाडाबाहेर खर्च होतो, ही येथील जुनी तक्रार होती. अशा तक्रारी सरकारच्या कानीं घालण्याचा सनदशीर मार्ग तो हाच.

पण या मार्गाला मर्यादा होत्या. १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हां अणे यांनीं सभागृह सोडलें, आणि त्याच जुलै महिन्यांत पुसदच्या जंगलांत गवत कापून त्यांनीं जंगलचा कायदा मोडला व तुरुंगवास पत्करला. गवत, लांकूड आणि गुरांची चराई हें वऱ्हाडच्या शेतकऱ्याचें रोजचें दुःख. जें दिल्लीच्या सभागृहांत बोलून सुटलें नाहीं, तें प्रतिनिधीनें हातीं विळा घेऊन बोलून दाखविलें.

आतां चिखलदऱ्याकडे वळूं. हें सर्व चाललें असतां डोंगरावरील कोरकू कोठें होता? मताचा हक्क तेव्हां जमीन, कर आणि उत्पन्न यांच्या पायऱ्यांवर बसविलेला होता. जंगलखात्याच्या वस्तींत राहून मजुरी करणाऱ्याला त्यांतली पहिली पायरीहि चढतां येण्यासारखी नव्हती. १९३५ चा कायदा आला आणि १ एप्रिल १९३७ पासून वऱ्हाड व मध्यप्रांत मिळून एक प्रांत झाला. ब्रिटिश हिंदुस्थान या शब्दांत वऱ्हाडहि समजावा असें त्या कायद्याच्या ४७ व्या कलमानें ठरलें. राजनिष्ठेच्या शपथेपुरता अपवाद तेवढा राहिला. खालच्या मुलुखाचा दरवाजा उघडला. परंतु त्याच कायद्याच्या ९२ व्या कलमाखालीं मेळघाट तालुका ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरला, आणि गव्हर्नरनें जाहीरनामा काढल्यावांचून कोणताहि कायदा तेथें लागू होणार नाहीं असा नियम झाला! पस्तीस वर्षें जें कुलूप साऱ्या वऱ्हाडला होतें, तेंच काढून घाटावर लावलें गेलें. यामागें आदिवासींचें सावकारापासून व जमीन बळकावणारांपासून रक्षण करण्याचा हेतु सांगितला जाई, आणि त्या भयांत तथ्यहि होतें. पण ज्याचें रक्षण करावयाचें त्याला विचारण्याची तरतूद त्यांत नव्हती.

घटना समितींत या प्रदेशांचा विचार ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीनें केला. वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख हेहि घटना समितीचे सभासद होते. पुढें ते अमरावतीकडून तीन वेळां लोकसभेवर गेले आणि १९५२ पासून दहा वर्षें केंद्राच्या कृषिखात्यांत मंत्री राहिले. १९५० सालीं मेळघाट ‘अनुसूचित क्षेत्र’ झाला, आणि पांचव्या परिशिष्टानें दरवाजा उलट दिशेनें बसविला. आतां संसदेचा कायदा तेथें आपोआप लागू होतो. तो लागू नको असेल तर राज्यपालांनीं तसा जाहीरनामा काढावा लागतो. शब्द थोडेच बदलले, पण सारा अर्थ बदलला. पूर्वीं कायदा आंत घेण्यास हुकूम लागे. आतां तो बाहेर ठेवण्यास लागतो. प्रौढ मतदानानें कोरकू स्त्रीपुरुषांच्या हातींहि मतपत्रिका आली. बापूजी अणे १९६२ सालीं नागपूरकडून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, तेव्हां त्यांच्या निवडीवर कोणाच्याहि नेमणुकीचा शिक्का नव्हता.

एवढ्यानें काम संपलें असें मात्र नव्हे. मेळघाटांतील कुपोषण आणि बालमृत्यु यांचें दुःख गेलीं तीस वर्षें विधिमंडळांत, संसदेंत आणि मुंबई उच्च न्यायालयांत मांडलें जात आहे. १९९६ चा ग्रामसभांचा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा हे दोन्ही संसदेनेंच केले, आणि धारणी व चिखलदरा तालुक्यांस ते लागू आहेत. जाहीरनाम्याची अडचण आज राहिलेली नाहीं. अडचण आहे ती लागू असलेला कायदा पाड्यापर्यंत पोंचण्याची. वऱ्हाडच्या जुन्या प्रतिनिधींना आपल्या माणसांसाठीं कायदा मागावा लागे. आजच्या प्रतिनिधीला सरकारला एवढेंच विचारावयाचें आहे, कीं झालेला कायदा घाट चढून वर गेला काय? प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हां पुन्हां विचारला गेला पाहिजे. आणि तो विचारला जातो कीं नाहीं, हें पाहण्याचें काम आपणां मतदारांचें आहे.