शाहीर अमर शेख : सीमाभागाच्या स्मरणातला आवाज

बेळगाव, निपाणी आणि खानापूर या सीमाभागातील मराठी माणसांच्या दिनदर्शिकेत दोन तारखा कायमच्या कोरलेल्या आहेत. १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन केले जाते, तर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला जातो. १९५६ साली याच दिवशी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. या लढ्याची वेदना ज्या गाण्यातून घरोघरी पोहोचली, ते म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. गीतकार सर्वतोमुखी झाला. मात्र ती छक्कड गाजवणारे शाहीर अमर शेख यांचे नाव त्या मानाने मागे राहिले.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे त्यांचा जन्म झाला. मोटारीचा क्लीनर, मग गिरणी कामगार असे कष्टाचे जिणे त्यांच्या वाट्याला आले. गिरणीच्या संपामुळे त्यांना तुरुंगवास घडला आणि ते साम्यवादी विचारांकडे वळले. पुढे निपाणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात, मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करीत असताना, ‘अमर शेख’ हे नाव त्यांना मिळाले.

अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांची साथ एवढ्याच सामग्रीवर हे पथक मैदान गाजवीत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यात अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने जनजागृतीचे मोठे काम केले. गोव्याच्या सत्याग्रहींसाठी बेळगाव हे महत्त्वाचे ठाणे होते, त्यामुळे या दोन्ही लढ्यांचे धागे याच परिसरात एकमेकांत गुंफले गेले.

‘माझी मैना’ची रचना वरकरणी विरहाची आहे. पोटासाठी मुंबईत आलेल्या श्रमिकाला गावी राहिलेली पत्नी आठवते आणि पाहता पाहता तिच्या विरहाला दुभंगलेल्या मराठी मुलखाचा अर्थ प्राप्त होतो. बेळगाव, कारवारचा उल्लेख आला की सीमावासीयाला हे गाणे आपल्याच घराचे वाटते.

अमर शेख स्वतः कवीही होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह, तर ‘पहिला बळी’ ही नाट्यकृती प्रसिद्ध आहे. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्कीशी केली होती. मुंबई विद्यापीठातील त्यांच्या नावाचे अध्यासन लोककलेचा अभ्यास पुढे नेत आहे. तरीही लेखकाचे शब्द ग्रंथांत टिकतात, गायकाचा सूर मात्र ऐकणाऱ्यांच्या स्मरणावरच जगतो.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले आणि अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेखही गेले. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकलेली पिढी आता विरळ होत चालली असली, तरी डफावर थाप पडून ती छक्कड सुरू झाली की सीमाभागातील श्रोते आजही तिच्यात आपला सूर मिसळतात. मैदानी शाहिराला याहून मोठी मानवंदना कोणती?