बैठे घर

बैठे घर म्हणजे वरचा मजला नसलेले, सर्व खोल्या जमिनीलगत एकाच पातळीवर असलेले घर होय. आढ्याखाली साठवणीचा माळा असला, तरी तो राहण्याचा मजला नसल्याने घर बैठेच मानले जाते. एका ओळीत बांधलेल्या अशा खोल्यांना बैठी चाळ म्हणतात.

रचना

कोकण व ठाणे परिसरातील पारंपरिक बैठे घर दगडी जोत्यावर उभे असते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी व परसदार असा त्याचा क्रम असतो. उतरत्या छपरावर पूर्वी नळीची कौले असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौलांचा प्रसार झाला.

वैशिष्ट्ये

जिना नसल्यामुळे वृद्ध, लहान मुले व अपंग व्यक्तींना वावर सुलभ होतो. अंगणामुळे वाळवण, धुणे व शेजारसंबंध यांना जागा मिळते. कुटुंब वाढल्यास पडवी बंद करून खोली करता येते. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी थोड्या खर्चात होते. उद्वाहनाचा किंवा सामायिक देखभालीचा खर्च नसल्याने अनियमित उत्पन्नाच्या कुटुंबांना ते परवडते.

मर्यादा

बैठे घर आपोआप सुरक्षित ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी कोसळून मोठी प्राणहानी झाली. त्यांतील बहुतेक घरे बैठीच होती. पत्र्याचे छप्पर उन्हाळ्यात तापते. पुराच्या वेळी आसऱ्याला वरचा मजला नसतो.

मोहने परिसर

उल्हास नदीकाठचे मोहने कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असून आंबिवली हे त्याचे जवळचे रेल्वे स्थानक आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यामुळे येथे कामगारवस्ती वाढली व बैठ्या चाळी उभ्या राहिल्या. कारखाना २००९ मध्ये बंद पडला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीला महापूर आला, तेव्हा कल्याण परिसरातील सखल वस्त्यांना त्याची झळ बसली. जमिनीच्या वाढत्या किमतींमुळे परिसरात बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती येत आहेत. जेथे जमिनीची मालकी रहिवाशांकडे नसते, तेथे पुनर्विकासात त्यांच्या हक्काचा प्रश्न निर्माण होतो.

हेही पाहा

* चाळ
* वाडा
* गावठाण