मिलिमीटर लहरी आणि स्पेक्ट्रमचा काटकसरी वापर

केंद्र सरकारने २०२२ मध्ये घेतलेल्या स्पेक्ट्रम लिलावात ३३०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्याची राखीव किंमत संपूर्ण देशासाठी प्रति मेगाहर्ट्‌झ ३१७ कोटी रुपये होती. २६ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याची मात्र सुमारे ७ कोटी रुपये. एकाच लिलावातील दोन पट्ट्यांच्या दरात एवढी तफावत का असावी, या प्रश्नाचे उत्तर लहरींच्या स्वभावात दडलेले आहे. स्पेक्ट्रमला आपल्या वृत्तपत्रांनी टूजी प्रकरणाच्या काळात ‘ध्वनिलहरी’ असा शब्द रूढ केला. तो चुकीचा आहे. या लहरींचा ध्वनीशी संबंध नाही. त्या प्रकाशाच्याच कुळातील विद्युतचुंबकीय लहरी आहेत. २६ गिगाहर्ट्‌झच्या लहरी तर प्रकाशासारख्या वागूही लागतात. त्या सरळ रेषेत जातात, भिंतीपाशी अडतात आणि वाटेत माणूस आला तरी क्षीण होतात.

या लहरी भारताला नवख्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले होते. त्या काळातील त्यांच्या प्रयोगांत सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतच्या तरंगलांबीच्या लहरी वापरल्या गेल्या आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणे मांडली. पुढे दूरसंदेशवहनाचा ओघ मात्र दूर पोहोचणाऱ्या लांब लहरींकडे वळला आणि मिलिमीटर लहरी प्रामुख्याने रडार, उपग्रह व खगोलशास्त्र यांच्या वाट्याला आल्या. खालचे पट्टे भरत चालल्यावर मोबाइल सेवेची नजर पुन्हा वर गेली. २०१९ मध्ये इजिप्तमधील शर्म-अल-शेख येथे झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा मोबाइल सेवेसाठी निश्चित केला.

वर जागा भरपूर असताना काटकसर कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्पेक्ट्रमची कार्यक्षमता म्हणजे एक हर्ट्‌झ रुंदीतून एका सेकंदात पोहोचवता येणाऱ्या माहितीचे, म्हणजे बिटांचे, प्रमाण. फाइव्ह-जीच्या खालच्या पट्ट्यांत एका वाहिनीची कमाल रुंदी १०० मेगाहर्ट्‌झ असते. २६ गिगाहर्ट्‌झमध्ये ती ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत नेता येते. परंतु रुंदी चौपट झाली की ग्राहकयंत्रात शिरणारा गोंगाटही चौपट होतो आणि प्रक्षेपकाची तीच शक्ती चौपट रुंदीवर पसरते. त्यातच मनोऱ्याची पोच कमी. प्रत्येक हर्ट्‌झमधून पुरेसे काम काढता आले नाही, तर मनोरे वाढवावे लागतात आणि स्वस्तात घेतलेला पट्टा महागात पडतो.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्राने या व्यवहाराचे गणित निश्चित केले आहे. प्रति हर्ट्‌झ ४ बिट मिळवण्यासाठी संदेशाची शक्ती गोंगाटाच्या १५ पट हवी. ८ बिट हवे असतील तर २५५ पट. म्हणजे दुप्पट फळासाठी सतरापट शक्ती! केवळ शक्ती वाढवून कार्यक्षमता वाढवण्याचा मार्ग इथे खुंटतो.

यातून वाट काढली ती अवकाशाच्या वापराने. पुण्यात जन्मलेले आणि तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले थॉमस कैलाथ, आणि भारतीय नौदलातील सेवेनंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात गेलेले आरोग्यस्वामी पॉलराज, या दोघांना १९९४ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले. माहितीचा एक प्रवाह तोडून त्याचे अनेक प्रवाह करावेत, ते एकाच वारंवारतेवर वेगवेगळ्या ठिकाणांहून पाठवावेत आणि अनेक अँटेनांच्या साहाय्याने ग्राहकाने ते पुन्हा वेगळे करावेत, ही त्यामागील कल्पना. तीच पुढे ‘मायमो’ या नावाने वाय-फाय व मोबाइल सेवेचा कणा बनली. दोन प्रवाह वेगळे करता आले की तेवढ्याच स्पेक्ट्रममधून जवळजवळ दुप्पट माहिती जाते.

२६ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटर आहे. त्यामुळे ६४ अँटेनांची चौकट साडेचार-पाच सेंटिमीटर चौरसात बसते. साडेतीन गिगाहर्ट्‌झच्या तुलनेत या वारंवारतेवरील तशाच एका छोट्या अँटेनेच्या हाती सुमारे ५५ पट कमी ऊर्जा लागते, पण ६४ अँटेनांनी मिळून एकाच दिशेने झोत टाकला की आदर्श परिस्थितीत ही तूट भरून निघते. शिवाय अरुंद झोतांमुळे वेगवेगळ्या दिशांना असलेल्या ग्राहकांना एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर सेवा देता येते. कार्यक्षमतेतील खरी वाढ येथे आहे.

मात्र खालच्या पट्ट्यांत लहरी इमारतींवर आपटून अनेक वाटांनी येतात, म्हणून प्रवाह वेगळे करणे सोपे जाते. मिलिमीटर लहरींना अशा वाटा मोजक्याच असतात आणि एकट्या ग्राहकाला फार प्रवाह देता येत नाहीत. दुसरी अडचण विजेची. प्रत्येक अँटेनेमागे स्वतंत्र रेडिओ साखळी आणि शेकडो मेगाहर्ट्‌झ रुंदीचा संदेश अंकांत बदलणारे परिवर्तक बसवायचे, तर विजेचा खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून साखळ्या थोड्या ठेवून झोत वळवण्याचे बरेचसे काम साध्या कलाबदल मंडलांकडे सोपवण्याची मिश्र पद्धत पुढे आली. वाटा मोजक्या असल्यामुळेच ही पद्धत पूर्ण अंकीय रचनेच्या जवळपास फळ देते, हे गेल्या दशकातील संशोधनाने दाखवले. उणिवेचाच असा उपयोग अभियांत्रिकीत क्वचित पाहायला मिळतो.

झोत ग्राहकावर खिळवून ठेवण्यासाठीही किंमत मोजावी लागते. फाइव्ह-जी मानकात या पट्ट्यांसाठी ६४ पर्यंत दिशा चाचपण्याची तरतूद आहे. हा वेळ माहितीच्या वाट्यातून जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनात लहरीची वारंवारता सुमारे १४०० हर्ट्‌झने सरकते. साडेतीन गिगाहर्ट्‌झवर हेच सरकणे २०० हर्ट्‌झच्या आत राहते.

म्हणूनच जाहिरातीतील वेगाचे आकडे जपून वाचावेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने फाइव्ह-जीसाठी घातलेली किमान अट कमाल कार्यक्षमतेच्या बाबतीत प्रति हर्ट्‌झ ३० बिट आहे. दाट शहरी वस्तीत सरासरीची अट ७.८ बिट आहे आणि सर्वांत कमकुवत ५ टक्के ग्राहकांची पातळी ०.२२५ बिट.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सेवा सुरू झाली, तेव्हा विस्ताराचा मुख्य भार ३३०० आणि ७०० मेगाहर्ट्‌झसारख्या खालच्या पट्ट्यांवर होता. लिलावात २६ गिगाहर्ट्‌झचे ४०० मेगाहर्ट्‌झ घेणाऱ्या अदानी समूहाच्या कंपनीने त्यांचे वापरहक्क भारती एअरटेल समूहाकडे देण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यांतील १०० मेगाहर्ट्‌झ मुंबई परिमंडळातील आहेत.