चार चाकांवरची छत्री

मोटारीच्या इतिहासात वेगाच्या आणि रुबाबाच्या कथा पुष्कळ आहेत. वाचकहो, मी मात्र आज एका गरीब मोटारीची हकिकत सांगणार आहे. तिच्या इंजिनाविषयी मी फारसे बोलणार नाही. तिची बैठक, खिडक्या, छप्पर आणि पत्रा यांतच खरी मौज आहे.

फ्रान्समधील सित्रोएन कंपनी १९३४ च्या अखेरीस कर्जात बुडाली आणि टायर बनवणाऱ्या मिशेलिनांच्या हाती गेली. त्यांनी नेमलेल्या कारभाऱ्यांत पिएर-ज्यूल बूलांजे नावाचे गृहस्थ होते. फ्रान्समधला लहान शेतकरी तेव्हा अजून घोड्याच्या गाडीनेच बाजाराला जात असे. त्याच्यासाठी बूलांजे यांनी आपल्या अभियंत्यांकडे एक वाहन मागितले. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ते ताशी ६० किलोमीटर वेगाने जावे, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल प्यावे, आणि नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेली तरी त्यांतले एकही फुटू नये! दिसण्याला महत्त्व नाही. चार चाकांवर एक छत्री असली म्हणजे झाले.

मागणी ऐकायला गमतीची, पण पुरवायला महाकठीण. आंद्रे लफेव्र हे अभियंते आणि फ्लामिनियो बेर्तोनी हे मूळचे इटालियन शिल्पकार या कामी लागले. वजन वाढले की किंमत वाढते, हे सूत्र सर्वांनी मनाशी पक्के बांधले होते. पत्रा पातळ वापरावा, तर तो लवतो. म्हणून बॉनेटच्या पत्र्याला पन्हळी पाडल्या. आपल्याकडे गोठ्यावर घालतात तो पन्हळी पत्रा ज्या कारणाने ताठ राहतो, त्याच कारणाने हे बॉनेटही ताठ राहिले. छप्पर पत्र्याचे न करता कापडाचे केले. ते गुंडाळून मागे सारले की उंच सामान उभे राही, आणि वजनही वाचे.

बैठकीची कथा तर त्याहून गमतीची. युद्धापूर्वीच्या नमुन्यांत ती झोपाळ्यासारखी छपराला तारांनी टांगली होती. पुढे नळ्यांची हलकी चौकट करून तिच्यात रबराचे पट्टे ताणले आणि वर कापड घातले. आपली बाज आठवा, म्हणजे रचना ध्यानात येईल. ही बैठक उचलून बाहेर काढता येई. सामान न्यायचे तर गाडी रिकामी करावी, आणि रविवारी तीच बैठक झाडाखाली मांडून खुशाल जेवावे! टोपलीतल्या अंड्यांची जबाबदारी मात्र बैठकीवर नव्हती. ती पुढचे व मागचे चाक एकमेकांशी जोडणाऱ्या मऊ स्प्रिंगांनी उचलली.

खिडकीची काच खाली सरकवायची तर दाराच्या पोटात तिला जागा हवी आणि दार जाड हवे. त्याऐवजी काचेचा खालचा अर्धा भाग बिजागरीवर वर दुमडला. वायपरला वेगळी मोटर दिलीच नाही. वेगदर्शकाची जी केबल फिरत असे, तिच्यावरच तो चाले. त्यामुळे गाडी मंदावली की वायपरही मंदावे. गाडी उभी राहिली, तर तो हाताने फिरवावा लागे. सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोल किती उरले हे टाकीत पट्टी बुडवून पाहायचे. विहिरीचे पाणी मोजणाऱ्याला हे कोणी शिकवायला नको होते.

१९३९ मध्ये सुमारे २५० गाड्या तयार झाल्या आणि तोच महायुद्ध पेटले. कंपनीने काही गाड्या लपवल्या, बाकीच्या मोडून टाकल्या. अखेर ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही 'दोन घोडे' नावाची गाडी लोकांपुढे आली. इंजिन ३७५ घनसेंटिमीटरचे, रंग एकच, करडा. पत्रकारांनी यथेच्छ टवाळी केली. गिऱ्हाइकांनी मात्र इतकी नोंदणी केली की गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागू लागली. ज्यांना कामासाठी फिरणे भाग होते, पण महागडी मोटार परवडत नव्हती, अशांना पहिल्या गाड्या आधी मिळाल्या.

बूलांजे १९५० मध्ये मोटार अपघातात वारले. त्यांची गाडी मात्र १९९० पर्यंत निघत राहिली. शेवटची पोर्तुगालमध्ये तयार झाली. एकूण संख्या ३८ लाखांवर गेली. तिच्यात उणिवा होत्याच. तिचा पातळ पत्रा आजच्या सुरक्षेच्या कसोटीला मुळीच उतरणार नाही, आणि तिच्या चालीला कोणी चपळ म्हटले नसते.

तथापि मला या गाडीविषयी आदर वाटतो. स्वस्त वस्तू दोन प्रकारे करता येते. श्रीमंताच्या वस्तूची निकृष्ट नक्कल करून गरिबाच्या गळ्यात मारावी, ही एक रीत. दुसरीत गरिबाला खरोखर काय लागते हे विचारून, बाकीचे निर्भयपणे वगळायचे असते. पहिलीत घेणाऱ्याला आपली गरिबी रोज दिसते, दुसरीत त्याचा मान राखला जातो. असे सांगतात की उंचापुरे बूलांजे डोक्यावर हॅट ठेवूनच नमुन्यात बसून पाहत. टोपी छपराला लागली, तर गाडी नापास! शेतकऱ्यानेही आपल्या गाडीत टोपी न काढता बसावे, एवढीच त्या चाचणीची अट होती.

१९९४ मध्ये ला फेर्ते-व्हिदाम येथील एका कोठारात युद्धापूर्वीच्या तीन गाड्या धूळ खात पडलेल्या सापडल्या. अर्धशतकाच्या धुळीखालीही त्यांचे पन्हळी पत्रे ओळखू येत होते.